अकरा नोव्हेंबर: सुट्टी, शस्त्रसंधी आणि पणजोबांचं मेडल

पहिलं महायुद्ध ज्या दिवशी थांबलं, त्या ११ नोव्हेंबरची फ्रान्समध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. त्याबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. निम्मे तिकडे राहणाऱ्या मुलाबाळांच्या काळजीतून आलेले आहेत, तर उरलेले इथल्या गावांतल्या जुन्या पाट्या आणि ट्रंकेतल्या मेडलांबद्दल. त्यामुळे उत्तरं कधी पॅरिसला जातील, कधी साताऱ्याला.

मुलगी ल्योंला शिकते आणि आठवड्यातून काही तास एका दुकानात काम करते. ११ नोव्हेंबरला तिला सुट्टी मिळेलच का? काम केलं तर दुप्पट पगार मिळतो असं ती म्हणते. (एक पालक, नाशिक)

दोन्ही गोष्टी गृहीत धरू नका. फ्रान्समध्ये वर्षाला अकरा सार्वजनिक सुट्ट्या आहेत, पण कायद्याने काम बंद ठेवावंच लागतं अशी त्यांतली एकच, १ मे. दुप्पट पगाराचा नियमही त्याच दिवसापुरता. ११ नोव्हेंबरला दुकान उघडं ठेवायचं का आणि जादा पैसे द्यायचे का, हे त्या धंद्याच्या सामूहिक करारावर किंवा मालकावर ठरतं. म्हणून मुलीने करारात सुट्ट्यांचं कलम शोधावं. दुकान बंद राहिलं तर नोकरीला तीन महिने पूर्ण झालेल्यांचा पगार कापता येत नाही. त्याआधी हा हक्क आपोआप मिळत नाही. नवख्या विद्यार्थ्यांची पगारपत्रकं नेमकी इथेच चुकतात.

सुट्टी शनिवार-रविवारी आली तर तिच्या बदल्यात दुसरा दिवस द्यायची सक्ती नाही. २०२६ साली ११ नोव्हेंबर बुधवारी आहे, म्हणजे जोडून रजा घेऊन फिरायला जायचा बेत त्या वर्षी फारसा जमणार नाही. २०२७ला गुरुवार आहे. तेव्हा शुक्रवार जोडून अर्धा देश गाडीत बसेल, तिकिटं लवकर काढायला सांगा.

त्या दिवशी बँका, पोस्ट आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात. शहरातल्या बस-ट्राम बहुधा रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, लांबच्या गाड्या चालू असतात. बेकरी आणि बरीच किराणा दुकानं सकाळी उघडतात आणि दुपारी मिटतात, त्यामुळे दूध-भाजी आदल्या संध्याकाळीच आणलेली बरी. स्ट्रासबुर्ग किंवा मेत्झच्या बाजूला कुणी राहत असेल तर तिथला स्थानिक कायदा वेगळा आणि अधिक कडक आहे. तिथे दोन सुट्ट्याही जास्त मिळतात.

सही पहाटे पाचला झाली आणि तोफा अकराला थांबल्या. मधले सहा तास माणसं का मरू दिली? (पुणे)

जर्मन शिष्टमंडळाला फ्रेंच सेनापती फॉश यांनी ८ नोव्हेंबरला सकाळी अटी हातात दिल्या आणि उत्तरासाठी ७२ तास दिले. ती मुदत ११ तारखेला सकाळी अकरालाच संपत होती. बोलणी चालू असेपर्यंत गोळीबार थांबवावा ही जर्मनांची विनंती फॉश यांनी फेटाळली होती. करारातलं पहिलंच कलम सांगत होतं की जमिनीवरची आणि हवेतली लढाई सहीनंतर सहा तासांनी थांबेल. सह्या प्रत्यक्षात पाच वाजून गेल्यावर झाल्या, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून पाचची वेळ धरली. पाच अधिक सहा अकरा. ‘अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी अकराव्या तासाला’ हे कुणी कवीने जुळवलेलं नव्हतं.

सहा तास लागणार होतेच. हुकूम मुख्यालयातून तार-टेलिफोनने डिव्हिजनला, तिथून रेजिमेंटला आणि शेवटी निरोप्याच्या पायांनी खंदकात पोचायचा. पण हुकूम हातात पडल्यावरही काही अधिकाऱ्यांनी हल्ले चालू ठेवले, आणि त्याला आमच्या मते सबब नाही. ओगुस्तॅं त्रेब्युशों हा फ्रेंच निरोप्या व्रीन-म्यूझपाशी अकराला काही मिनिटं असताना मारला गेला. त्याच्या क्रुसावर तारीख मात्र १० नोव्हेंबरची आहे. कॅनडाचा जॉर्ज प्राइस १०.५८ला आणि अमेरिकेचा हेन्री गुंथर १०.५९ला गेला.

एक बारीक गोष्ट. त्या वेळी फ्रान्सची घड्याळं ग्रिनिचप्रमाणे चालत, आज ती एक तास पुढे आहेत. काटेकोर बोलायचं तर तो क्षण आजच्या फ्रेंच घड्याळात बाराला येतो. समारंभ अर्थातच अकरालाच होतात. भारतातून थेट प्रक्षेपण बघायचं असेल तर दुपारी साडेतीन ही वेळ धरा.

आमच्या गावात चावडीजवळ संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धात इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर आहे. वर्ष १९१४–१९१९ लिहिलंय. शाळेत तर १९१८ शिकलो. पाटी चुकली का? (सातारा जिल्हा)

पाटी बरोबर आहे, आणि शाळेतलं पुस्तकही. ११ नोव्हेंबर १९१८ला झाली ती शस्त्रसंधी, आणि तीही फक्त ३६ दिवसांची. ती डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत मिळून तीनदा वाढवावी लागली. जर्मनीने पुन्हा उठू नये म्हणून आधी तिची हत्यारं काढून घ्यायची, असा तिचा सरळ व्यवहार होता: ५,००० तोफा, २५,००० मशीनगन, १,७०० विमानं, ५,००० इंजिनं, दीड लाख रेल्वे डबे, आणि पंधरा दिवसांत फ्रान्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, अल्सास-लॉरेन खाली करणं. जर्मनीबरोबरचा तह व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला आणि १० जानेवारी १९२० पासून लागू झाला. गावोगावच्या पाट्यांवरचं १९१९ हे त्या तहाचं वर्ष. महायुद्धातल्या सैनिकांना मिळालेल्या व्हिक्टरी मेडलच्या पाठीवरही १९१४–१९१९च कोरलेलं आहे.

तुमच्या भागातल्या माणसांसाठी तर ११ नोव्हेंबर ही तारीखच परकी. मराठा पलटणींपैकी बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढत होत्या. तुर्कांबरोबरची शस्त्रसंधी मुद्रोस बंदरात ३० ऑक्टोबर १९१८ला झाली आणि ३१ला दुपारी बारापासून अमलात आली. मेसोपोटेमियातल्याच शरकतच्या लढाईत ११४वी मराठा पलटण त्याच आठवड्यात, ३० ऑक्टोबरपर्यंत, झुंजत होती. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन फौजेने तर २५ नोव्हेंबरला हत्यारं खाली ठेवली. एकाच महायुद्धाचा शेवट असा आघाडीगणिक निराळा आहे. घरातला कागद वाचताना ‘युद्ध संपल्यावर मेला म्हणजे लढाईत नव्हता’ असा निष्कर्ष घाईने काढू नका.

पाटी स्वच्छ करायची असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. फरशीचं अ‍ॅसिड, लिंबू, चिंच यांतलं काहीही लावू नका. संगमरवर हा चुन्याचाच दगड, आम्लाने तो विरघळतो आणि उथळ अक्षरं आधी जातात. दरवर्षी ऑइलपेंटने अक्षरं गिरवण्याचा उत्साहही आवरा. दोन-तीन थरांनंतर ३ आणि ८ यांच्या आकड्यांत फरक कळेनासा होतो.

पणजोबांची दोन मेडलं घरात आहेत. ते कुठे लढले, परत आले की नाही, हे कसं शोधायचं? नाव घालून बघितलं, काही सापडत नाही. (चिपळूण)

नावापासून सुरुवात केली, तिथेच गाडी अडली असणार. मेडलची कड बघा. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं व्हिक्टरी मेडल, दोन्हींच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. मेडल चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. कडेवरची अक्षरं आधीच पुसट असतात, घासली की उरतही नाहीत. मेडल उभं धरून टॉर्च अगदी आडवी मारा आणि थोडं थोडं फिरवत चार-पाच फोटो घ्या. तरी वाचता आलं नाही तर कडेला पातळ कागद गुंडाळून वरून मऊ पेन्सिल फिरवा. वॉर मेडल ब्राँझचं निघालं तर ती व्यक्ती बहुधा लढाऊ शिपाई नसून मजूर तुकडीत किंवा तशाच नोकरवर्गात होती.

पलटणीचा क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं. १९२२च्या फेररचनेत जुने क्रमांक गेले, त्यामुळे आजच्या नावाने शोधलं तर चुकतं. १०३वी मराठा लाइट इन्फंट्री पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. ११४वी दहावी म्हणून प्रशिक्षण बटालियन झाली. बेळगावचं आजचं मराठा केंद्र तिच्यातूनच आलं.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची यादी फुकट आहे, पण तिच्यात फक्त मेलेले आहेत. पणजोबा सुखरूप परत आले असतील तर ते तिथे सापडणार नाहीत, आणि ती चांगलीच बातमी म्हणायची. शोध असा घ्या:

आधी नावाची चौकट रिकामी ठेवून फक्त सेवा क्रमांक घाला, युद्ध ‘पहिलं’ निवडा आणि फौज ‘भारतीय’. एकाच क्रमांकाची माणसं अनेक पलटणींत असतात, म्हणून निकालात पलटण ताडून बघा. त्यानेही जमलं नाही तर जादा माहितीच्या चौकटीत गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. जिल्हा त्या काळचा धरा: आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, आणि सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता. नाव शेवटी घाला, तेही कारकुनाच्या कानाने. जाधवचं जाधाव, शिंदेचं सिंदे, चव्हाणचं चौवान होतं. कधी आडनावाच्या जागी बापाचं नाव बसतं, कधी आडनाव गायबच असतं.

मृत्यूची तारीख १९१९, १९२० किंवा १९२१ची असली तरी नोंद खोटी समजू नका. कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले सेवेतले मृत्यू धरतं, कारण ब्रिटिश कायद्याप्रमाणे युद्ध त्या दिवशी संपलं. मेसोपोटेमियातल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेला वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्यातले पुढे कैदेत मेले त्यांच्या तारखा अंदाजे असू शकतात.

नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ (इराकातलं स्मारक) लिहून आलं तर आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. त्या स्मारकाच्या फलकांवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं होती, साध्या शिपायांची फक्त पलटणवार संख्या. गोऱ्या शिपायाचं नाव दगडात आणि आपल्याचा आकडा, असा हा भेद. तुमच्या पणजोबांचं नाव त्या भिंतीच्या फोटोत दिसलं नाही म्हणून नोंद बाद होत नाही, नाव कमिशनच्या मृतांच्या यादीत असतं.

नोव्हेंबरात पॅरिसला मुलाकडे जातोय. त्या दिवशी न्यूव्ह-शापेलचं भारतीय स्मारक बघता येईल का? पॅरिसचा सोहळाही बघायचा आहे. (ठाणे)

दोन्ही एका दिवसात नकोत. पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्ष शाँझेलिझे या मोठ्या रस्त्यावर युद्धकाळातले पंतप्रधान क्लेमान्सो यांच्या पुतळ्याला फुलं वाहतात आणि मग विजय कमानीखालच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी येतात. कमान सकाळी पर्यटकांना बंद असते, आजूबाजूचे रस्ते आणि मेट्रो स्थानकंही बंदोबस्तात असतात. म्हणून दोन-तीन स्थानकं अलीकडे उतरा, मोठी बॅग नेऊ नका. गर्दीत काही दिसलं नाही तर हिरमुसू नका. समाधीवरची ज्योत ११ नोव्हेंबर १९२३पासून रोज संध्याकाळी साडेसहाला चेतवली जाते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी गेलात तर ती शांतपणे, जवळून बघता येते.

न्यूव्ह-शापेल उत्तरेला, लीलच्या नैर्ऋत्येला आहे. पॅरिसच्या गार द्यू नॉरहून लीलला वेगवान गाडीने साधारण एक तास. पुढे शेतांतला चौरस्ता, आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या बसचा भरवसा नाही. गाडी भाड्याने घ्या किंवा स्मारकासाठी वेगळा कामाचा दिवस ठेवा. जवळ चहापाण्याची सोय नाही, नोव्हेंबरात वारा आणि चिखल असतो. पायात बूट हवेत.

पश्चिम आघाडीवर मेलेल्या, कबर नसलेल्या भारतीय सैनिकांचं आणि वास्तुरचनाकार हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं हे स्मारक १९२७ साली खुलं झालं. पंधरा मीटर उंचीच्या स्तंभावर कमळ आहे, आणि गोल भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. नावं पलटणवार आणि मग हुद्द्याप्रमाणे लावलेली आहेत. कमिशनच्या नोंदीतला पॅनेल क्रमांक लिहून न्या, नाहीतर भिंतीभोवती तासभर फिराल. आणि आधीच सांगून ठेवतो, मराठा लाइट इन्फंट्रीची कुठलीही अख्खी पलटण फ्रान्सच्या आघाडीवर नव्हती, तेव्हा तिथे ती शोधू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या शोधा. त्यांतल्या २० आणि २१ क्रमांकाच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला सत्तेचाळिसाव्या शिखांबरोबर याच गावावर चालून गेल्या. पूल बांधणं, खंदक खणणं हे ज्यांचं काम, त्यांना संगिनी लावून घराघरांतून लढावं लागलं आणि त्यांची भयंकर हानी झाली.

खेड्यातला समारंभ बघायची संधी मिळाली तर ती पॅरिसपेक्षा आम्हाला जास्त मोलाची वाटते. वेळ मात्र नगरपालिकेच्या दारावर वाचा. एकाच दिवशी अनेक गावांना पुरायचं असल्याने कुठे साडेनऊ, कुठे दहा असते. निशाणं घेतलेले माजी सैनिक, बिगुल, मंत्र्यांचा सगळीकडे सारखाच वाचला जाणारा संदेश, मग गावातल्या मृतांची नावं, प्रत्येक नावामागे ‘फ्रान्ससाठी मेला’, एक मिनिट स्तब्धता, राष्ट्रगीत. नंतर नगरपालिकेत सगळ्यांना वाइनचा पेला असतो, परक्यालाही बोलावतात. अल्सासमध्ये स्मारकावर ‘फ्रान्ससाठी’ हे शब्द बहुतेक ठिकाणी दिसणार नाहीत. तिथली मुलं तेव्हा जर्मन सैन्यात होती, म्हणून नुसतं ‘आमच्या मृतांना’.

स्तब्धता एक मिनिट की दोन? (अमरावती)

फ्रान्समध्ये एक, ब्रिटनमध्ये दोन. ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबरला सुट्टीही नसते, मुख्य कार्यक्रम नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी होतो.

निळं फूल लावायचं की लाल? भाऊ लंडनहून येताना लाल घेऊन येणार आहे. (ठाण्याच्याच दुसऱ्या वाचक)

लाल खसखशीचं फूल ब्रिटन आणि तिच्या जुन्या वसाहतींचं, फ्रान्सचं फूल निळं. दोन्ही तोफांनी उकरलेल्या मातीत उगवत. निळ्याची सुरुवात पॅरिसच्या लष्करी रुग्णालयातल्या जखमींनी कापडाची फुलं करून विकण्यातून झाली. फ्रान्समध्ये लाल लावलं तर कुणी रागावणार नाही, तुम्ही ब्रिटनहून आलात एवढं समजेल. निळं फूल त्या आठवड्यात रस्त्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकांकडे मिळतं. सुटी नाणी जवळ ठेवा. पणजोबांची मेडलं छातीच्या उजव्या बाजूला लावायची पद्धत मात्र ब्रिटन-ऑस्ट्रेलियाची आहे.

मी कोलोनला असतो. ११ नोव्हेंबरला इथे लोक विदूषकाचे कपडे घालून बिअर पितात! हरलेल्या युद्धाची ही थट्टा का? (कोलोन, जर्मनी)

युद्धाशी संबंधच नाही. ऱ्हाइनकाठच्या कार्निव्हलचा हंगाम ११/११ला अकरा वाजून अकरा मिनिटांनी सुरू होतो. अकरा हा तिथे वेड्यांचा आकडा, आणि ही प्रथा महायुद्धाच्या आधीची. जर्मनीत मृतांचं स्मरण अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाच्या, आधीच्या दुसऱ्या रविवारी होतं. २०२६ला ते १५ नोव्हेंबरला येतं. शेजारच्या पोलंडमध्ये ११ नोव्हेंबरची सुट्टी आहे, पण ती स्वातंत्र्यदिनाची.

काँपिएन्यच्या रानात ठेवलेला रेल्वेचा डबा खरा आहे का? (कोल्हापूर)

नाही. ज्यात १९१८च्या शस्त्रसंधीची सही झाली तो फॉश यांचा २४१९-डी क्रमांकाचा डबा. हिटलरने २२ जून १९४०ला फ्रान्सबरोबरची शस्त्रसंधी मुद्दाम त्याच डब्यात करवली आणि तो बर्लिनला नेला. १९४५मध्ये तो जळून नष्ट झाला. आता दिसतो तो त्याच मालिकेतला भाऊ, २४३९-डी, नंबर बदलून लावलेला. रेल्वेवेड्यांनी तरी जरूर जावं. जागा तीच आहे, आणि डब्याची घडणही.

आमचे आजोबांचे वडील खलाशी होते, बोट बुडाली असं सांगतात. लष्करी यादीत काहीच नाही. (रत्नागिरी)

लष्करी यादीत नसणारच. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावरही शोधू नका, तिथे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे खलाशी आहेत. समुद्रातच राहिलेल्या भारतीय खलाशांसाठी मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये १९१४–१८चं स्मारक आहे. त्यावर दोन हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. पूर्वेकडच्यांसाठी दुसरं चितगावला आहे. कमिशनच्या यादीत फौज म्हणून ‘व्यापारी नौदल’ आणि स्मारक म्हणून ‘बॉम्बे १९१४–१९१८’ निवडा, मग गावाचं नाव घाला. इंग्रजीत गावांची स्पेलिंगं वाट्टेल तशी आहेत, म्हणून पहिली तीन-चार अक्षरंच टाका. सेलर्स होम ही वापरातली वास्तू आहे, आधी विचारून जा.

तरीही नाव आलं नाही तर बोटीचं नाव आणि ती कशी बुडाली हे घरच्यांना विचारा. व्यापारी जहाजावरचा खलाशी शत्रूच्या हल्ल्यात, म्हणजे पाणसुरुंगाने, पाणबुडीने किंवा तोफेने मेला असेल तरच कमिशन त्याला युद्धमृत धरतं. वादळात बुडाला किंवा बोटीवर तापाने गेला तर तो त्या यादीत येत नाही, मग साल १९१७ असो की १९१८.